एक तारखेचे प्रोफेशनल

कराडच्या विद्यानगरात इंग्रजी संभाषणाच्या क्लासचा फ्लेक्स लागला की त्यावर हमखास एक गोरा असतो. टाय लावलेला, बत्तीस दात दाखवणारा, हातात जाडजूड पुस्तक. हा गोरा इंटरनेटवरून फुकट उतरवलेला असतो. त्यामुळे त्याला पगार नाही, पगार नाही म्हणून कर नाही आणि कर नाही म्हणून परतावा मागायची भानगड नाही. आत वर्गावर शिकवणारे सर मसूरहून दुचाकीवर येतात, मॅडम ओगलेवाडीहून. त्यांना फ्लेक्सवर जागा नसते. टीडीएसच्या कात्रीखाली मात्र यांचीच मान पहिली.

खरा गोरा मास्तर बघायचा तर सोलला जावं लागेल. दक्षिण कोरियात खासगी शिकवणीच्या क्लासला हागवॉन म्हणतात आणि तिथं इंग्रजी शिकवायला अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधून तरुण मुलं येतात. त्यांची वेळ मालक ठरवतो, पुस्तक मालक ठरवतो, राहायची खोलीही बऱ्याचदा मालकच देतो. पण कागदावर काही मालक त्यांना नोकर दाखवतच नाहीत. स्वतंत्र व्यावसायिक दाखवतात आणि ३.३ टक्के कापून घेतात. तीन टक्के आयकर, वरचा ०.३ स्थानिक कर. असं केलं की पेन्शन आणि विम्यातला मालकाचा हिस्सा वाचतो. मग बिचारा मास्तर मे महिन्यात हिशेब मांडून जादा गेलेले पैसे परत मागत बसतो. जपानमध्ये तर नोव्हा नावाची इंग्रजी शाळांची अवाढव्य साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षकांचा पगारच बुडाला. परतावा राहिला बाजूला, लोक घरी जायच्या तिकिटाचे पैसे शोधत होते.

तर सांगायचं असं की कराडचा क्लासवाला आणि सोलचा हागवॉनवाला एकमेकांना ओळखत नाहीत, पण डोकं एकाच कारखान्यातून आलंय. फरक एवढाच, की तिकडं ३.३ टक्के कापतात, आपल्याकडं सरसकट १० टक्के. कराडचा माणूस हात आखडता घेत नाही.

समजा, एका मॅडमचं महिन्याचं ठरलंय १८,०००. हातात येतात १६,२००. बाकीचे १,८०० 'टीडीएसला गेले'. वर्षाला २१,६००. आता मॅडमचं वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही आणि त्याच्या वर १२ लाखांपर्यंत गेलात तरी सवलत मिळून कर शून्य. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर हे १२ लाख ऐकून क्लासच्या संचालकांनी स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या. एक तारखेला मॅडमचे १,८०० नेहमीप्रमाणे कापले. १२ लाख मिळवणाऱ्याला शून्य कर आणि २ लाख मिळवणारीच्या पगारातून २१,६०० वजा. का, तर म्हणे कायदा आहे.

कायदा आहे, खरंय. जुन्या आयकर कायद्यात त्याचं नाव कलम १९४-जे. ते आलं १ जुलै १९९५ ला. सुरुवातीला दर होता ५ टक्के, जून २००७ पासून १० झाला. व्यावसायिकाला वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त फी दिली की कापायचं. ही मर्यादा बरीच वर्षं ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० आहे. डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांच्या फीमधून थोडा कर आधीच सरकारजमा व्हावा, हा हेतू. हेतू चांगला आहे. प्रश्न असा, की ओगलेवाडीच्या मॅडम या रांगेत कधी जाऊन बसल्या?

त्या कलमातली व्यावसायिकांची यादी मुद्दाम वाचा. वकिली आहे, वैद्यकी आहे, अभियांत्रिकी आहे, हिशेबनीस आहे, घराची अंतर्गत सजावट करणारा आहे, जाहिरातवाला आहे. सिनेमातले कलाकार आहेत. २००८ साली त्यात क्रिकेटचे पंच घातले, समालोचक घातले, फिजिओथेरपिस्ट घातले, एवढंच काय, खेळावर सदर लिहिणारेही घातले. म्हणजे सचिनच्या कव्हर ड्राइव्हवर लिहिणारा माणूस कायद्यानं व्यावसायिक. 'ही गोज, शी गोज' घोटवून घेणारी बाई त्या यादीत नाही. अध्यापन हा शब्दच तिथं नाही.

मग काही सल्लागार म्हणतात, नसू दे, ही 'तांत्रिक सेवा' धरायची. धरा की. पण १ एप्रिल २०२० पासून तांत्रिक सेवेचा दर २ टक्के आहे. तेव्हा हिशेब असा: मॅडम नोकर असतील तर कपात शून्य, कारण एवढ्या पगारावर करच लागत नाही. मॅडम तांत्रिक असतील तर २ टक्के. मॅडम व्यावसायिक असतील तर १० टक्के, पण त्या यादीत नाहीत. तीन दरवाजे आहेत आणि संचालकांना नेमका तोच उघडा दिसला ज्यातून मॅडमचं जास्तीत जास्त जातं. मॅडमनी शंका काढलीच, तर उत्तर तयार असतं: "अहो मॅडम, रिटर्न भरा, सगळे परत मिळतात."

आता त्या व्यावसायिक किती आहेत ते बघू. सकाळी ७ ला अंगठा लावायचा. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कट. निळा ब्लेझर घालायचा, मे महिन्यातसुद्धा. पुस्तक क्लासचं, पेपर क्लासचे, फी किती घ्यायची ते क्लास ठरवणार. मलकापुरात दुसऱ्या क्लासला संध्याकाळचा एक तास घेतला तर नोकरी गेली. पोरं गळाली तर दारोदार फिरून ॲडमिशन आणायच्या. असा कुठला वकील बघितलाय तुम्ही, जो अशिलाच्या घरी सकाळी ७ ला अंगठा लावून येतो? नोकर की व्यावसायिक, हे कराराच्या डोक्यावर काय छापलंय त्यावरून ठरत नाही. कामावर ताबा कुणाचा, यावरून ठरतं. पण कराडात ते एक तारखेवरून ठरतं. महिन्याचे २९ दिवस मॅडम नोकर, पगाराच्या दिवशी प्रोफेशनल. दुसऱ्या दिवशी परत नोकर.

यातली खरी मौज बघायची असेल तर एखाद्या सरांची पगाराची पावती मागून घ्या. एका ओळीत १० टक्के टीडीएस, व्यावसायिक म्हणून. खालच्याच ओळीत २०० रुपये व्यवसाय कर, पगारदार म्हणून. महाराष्ट्रात पगारातून हा कर मालक कापतो, पुरुषाला महिना १०,००० च्या वर, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बाईमाणसाला २५,००० पर्यंत तो माफ आहे. तरीही कुठंकुठं मॅडमच्या पावतीतसुद्धा ही ओळ चिकटलेली असते, कारण कॉम्प्युटरमधला नमुना एकच. एकाच कागदावर एकच माणूस वर व्यावसायिक आणि खाली नोकर. भविष्य निर्वाह निधीची ओळ मात्र शोधून सापडत नाही. तिथं कॉम्प्युटर बरोबर चालतो.

हे सगळं कशासाठी, तर त्या न सापडणाऱ्या ओळीसाठीच. नोकर म्हटलं की पीएफ आला, रजा आली, पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी आली. प्रोफेशनल म्हटलं की १० टक्के कापले, हात झटकले. विद्यार्थ्याकडून १८ टक्के जीएसटीसकट फी वाजवून घेणारा क्लास शिक्षकाच्या बाबतीत एकदम साधनशुचितेनं कायदा पाळायला लागतो, तेव्हा खिसा चाचपून बघावा.

आणि आता ऐका, ज्यासाठी आजचं सदर लिहायला घेतलं ते. कराडातले कितीतरी क्लास एकट्या माणसाच्या नावावर चालतात. कंपनी नाही, भागीदारी नाही. अशा एकट्या माणसाची आदल्या वर्षीची उलाढाल, धंदा धरला तर १ कोटीच्या आत आणि व्यवसाय धरला तर ५० लाखांच्या आत असेल, तर त्याच्यावर १९४-जे खाली कापायचं बंधनच नाही. कायद्यानं सांगितलेलंच नाही त्याला. तो कापतो ते स्वतःच्या हौसेनं. सरकारी तिजोरीची एवढी काळजी! त्यातल्या काहींकडं टॅनच नसतो. टॅन म्हणजे कापणाऱ्याचा नंबर. तो नसला तर कापलेले पैसे शिक्षकाच्या नावावर जमा होणार कसे? होत नाहीत. मग ते टीडीएस नव्हेत, पगारात मारलेला हात आहे, नुसतं नाव सरकारी.

टॅन आहे, कापलेत, पण भरलेच नाहीत, असेही महाभाग आहेत. तपासायची जागा फॉर्म २६एएस. आयकराच्या संकेतस्थळावर पॅननं आत गेलात की कुणी किती कापले आणि किती भरले ते दिसतं. पगारपत्रकात बारा महिने कपात आणि २६एएसमध्ये पांढरं पान, असं दिसलं की समजावं पैसे कुणाच्या गाडीच्या हप्त्यात गेलेत. उशिरा भरणाऱ्याला महिन्याला दीड टक्का व्याज आहे, तिमाही विवरण उशिरा दिलं तर दिवसाला २०० रुपये दंड आहे, कापून न भरणाऱ्याला तुरुंगाची तरतूदही आहे. कागदावर सगळं कडक आहे.

शिक्षकाच्या बाजूनंही एक कलम आहे, जुन्या कायद्यात २०५ क्रमांकाचं. मालकानं कर कापला असेल, तर तोच कर परत कर्मचाऱ्याकडं मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ साली हे ठणकावून सांगितलं, मालकानं भरला नसला तरीही. छान. पण यातला विनोद लक्षात घ्या. हे संरक्षण कुणाला? ज्याच्याकडून सरकार कर मागतंय त्याला. आमच्या मॅडमकडून सरकार काही मागतच नाही, कारण त्यांना करच लागत नाही. मॅडमना त्यांचे २१,६०० परत हवेत. आणि संगणक परतावा तेवढाच देतो जेवढा २६एएसमध्ये दिसतो. १५ लाख मिळवणाऱ्या नोकरदाराला कलम २०५ ची ढाल आहे. २ लाखवालीला ढालीचा उपयोग नाही, तिच्यावर वारच होत नाही. तिचं पाकीट मागच्या मागं गेलेलं असतं.

आयकर खात्याला शिव्या घालणं हा आपला आवडता खेळ, पण इथं थोडं न्यायानं बोलू. पैसे भरलेले असतील आणि रिटर्न नीट असेल तर परतावा येतो, आणि पूर्वीपेक्षा लवकर येतो. बंगळुरूच्या केंद्रात एक रिटर्न हातावेगळं व्हायला २०१९-२० च्या आकारणी वर्षात सरासरी ८२ दिवस लागायचे, २०२३-२४ ला १० दिवस, असं खात्यानंच जाहीर केलं. दहा दिवसांत कराडच्या क्लासमधून अनुभवाचा दाखला मिळवून दाखवा. परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळतं. तुमच्याकडून उशीर झाला तर खातं एक टक्का घेतं, पण तेवढं चालायचंच. सरकार आहे, पतसंस्था नव्हे.

अडचण रिटर्नच्या फॉर्ममध्ये आहे. पगारदाराचा साधा फॉर्म आयटीआर-१, त्याचं नाव 'सहज'. व्यावसायिक दाखवलेल्या मॅडमना तो चालत नाही. त्यांना 'सुगम' किंवा त्याहून लांबलचक आयटीआर-३. कुणी हौशी सल्लागार 'सहज'मध्येच पगार म्हणून भरून टाकतो, मग १९४-जे ची नोंद आणि पगाराचा रकाना जुळत नाही आणि 'तुमचं विवरण सदोष आहे' असा निरोप येऊ शकतो. पगारदाराला मिळणारी ७५,००० ची सरसकट वजावट गेली ती वेगळीच. शिवाय पॅन आधारला जोडलेलं हवं, बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं हवं, भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायला हवं. पॅन निष्क्रिय असेल तर परतावा थांबतो आणि वर कपात १० ऐवजी २० टक्क्यांनी होते. बँकेत व्याजावर कर कापू नका म्हणून आपली आई १५-जी फॉर्म भरून देते, तसा फॉर्म इथं द्यावा म्हटलं तर तो १९४-जे ला लागू नाही.

आणि पगारवाढीचं ऐका. मॅडमना १८,००० वरून २१,००० केले. वर्षाचे २,५२,०००, कपात २५,२००. कर अजूनही शून्य. पण वर्षात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला की उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी रिटर्न भरणं सक्तीचं, हा २०२२ पासूनचा नियम. म्हणजे कर नाही, पण कुणीतरी चुकीचा कापला म्हणून तुम्हाला विवरण देणं बंधनकारक. चोरी झालेल्यानं पोलीस ठाण्यात रोज हजेरी लावायची.

हे सगळं कराडात व्हावं, याचं जरा जास्त वाईट वाटतं. प्रीतिसंगमावर ज्यांची समाधी आहे ते यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ देशाचे अर्थमंत्री होते. त्यांच्याच काळात आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांवर गेला होता आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात त्यांनीच तो ७७ वर आणला. त्याच वेळी करमुक्त मर्यादा ५,००० वरून ६,००० केली. शंभरातले ९७ रुपये घेण्याचा दर जगात बदनाम झाला, पण तो होता सगळ्यात वरच्या श्रीमंतांसाठी. टिळक हायस्कूलचा तो विद्यार्थी शिक्षकाच्या खिशात हात घालायला गेला नव्हता.

आता परदेशी शिक्षक कराडात खरोखरच आला, तर? येईल म्हणा, फ्लेक्सवरून उतरून. अमेरिकेशी आपला १९८९ चा करार आहे, त्यात दोन वर्षांसाठी शिकवायला आलेल्या प्राध्यापक-शिक्षकाला करात सूट आहे. पण संस्था विद्यापीठ, कॉलेज किंवा मान्यताप्राप्त हवी. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा क्लास त्यात बसायचा नाही. तेव्हा त्या गोऱ्याचेही कापतील, आणि तो कॉन्सुलेटला पत्र लिहील. आपल्या सरांनी लिहायचं कुणाला?

विषय वाढणार आहे, कमी होणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण, अशी घोषणा झाली. घोषणेचं काय झालं ते सरकार जाणे. पण नर्सिंग झालेल्या, आयटीआय झालेल्या मुलांच्या आईबापांनी जर्मनचा ध्यास घेतलाय तो खरा. जर्मनचे क्लास निघणार, शिकवायला पुण्याहून परीक्षा देऊन आलेल्या मुली लागणार, आणि त्या मुलींना पहिल्या महिन्यात तेच वाक्य ऐकायला मिळणार: मॅडम, तुम्ही आमच्या एम्प्लॉयी नाही, तुम्ही प्रोफेशनल आहात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, १९४-जे हा क्रमांक त्यात राहिलेला नाही. एका लांबलचक तक्त्यात जाऊन बसलाय. क्लासवाल्यांनी काळजी करू नये, कापायला क्रमांक लागत नाही. त्या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात मुदतीनंतर रिटर्न भरलं तर परतावाच नाही, अशी एक मेख होती. संसदेच्या प्रवर समितीनं ती काढायला लावली आणि ती निघाली. सगळ्यात जास्त फायदा कुणाचा झाला असेल, तर उशिरा कळणाऱ्या या मास्तरलोकांचा.

तेव्हा सर, मॅडम, या रविवारी ब्लेझर खुंटीला लावा आणि २६एएस उघडा. पगारातून कापलेला प्रत्येक महिना तिथं आहे का ते बघा. असेल तर फॉर्म १६ए मागून घ्या, तो दर तिमाहीला देणं क्लासचं काम आहे, उपकार नव्हेत. रिटर्न मुदतीत भरा. मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आणि वर्षाची कपात २५,००० च्या खाली असेल तर उशिराचा दंडही नाही. जुन्या वर्षांचे अडकलेत? उशीर माफ करण्याचा अर्ज प्रधान आयुक्तांकडं करता येतो, आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत. आणि २६एएसमध्ये काहीच दिसत नसेल, तर संचालकांकडं टॅन मागा, लेखी मागा, पोच घ्या. त्यांनी टॅन दिला नाही तर परताव्यासाठी बंगळुरूकडं डोळे लावून बसू नका. ते पैसे कराडाबाहेर गेलेलेच नाहीत.